तीन लाखांत स्विफ्टचं इंजिन बांधायचं असेल, तर पार्ट सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: 2008 ची पेट्रोल स्विफ्ट आहे, हातात तीन लाख रुपये आहेत, इंजिनातून 130 बीएचपी हवेत आणि गाडी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायच्या दिवशी) न्यायची आहे. आधी फोर्ज्ड (जास्त मजबूत, घडवलेले) पिस्टन घ्यावेत, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) घ्यावा, की थेट टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा)?

यातलं काहीच आधी घेऊ नका. मी कोल्हापूरचा. तुमच्या स्विफ्टमधल्या याच जी13बीबी इंजिनाच्या तीन गाड्या गेल्या काही वर्षांत बांधल्या, त्यातली पहिली माझी स्वतःची एस्टीम होती आणि तिचं इंजिन माझ्याच चुकीने गेलं. ते पुढे सांगतो. आधी 130 या आकड्याचं बघू, कारण सगळा खर्च त्याच्यावर ठरतो.

तुमचं इंजिन 1298 सीसीचं. बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 74 मिलिमीटर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 75.5. कंपनीचा आकडा 6000 आरपीएमला 87 बीएचपी आणि 4500 ला 113 न्यूटन-मीटर. आता एक हिशेब पाठ करून ठेवा: न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) आरपीएमने गुणायचं आणि 7121 ने भागायचं, की बीएचपी येतात. उलटं केलं तर 6000 ला 87 बीएचपी म्हणजे तिथे टॉर्क साधारण 103 उरलेला असतो. शिखरावर 113, तिथून 103 पर्यंत उतरलेला. तुम्हाला 7500 ला 130 बीएचपी हवे असतील, तर त्या आरपीएमला 123 न्यूटन-मीटर लागेल. म्हणजे कंपनीचं इंजिन 4500 ला जेवढा टॉर्क देतं त्यापेक्षाही जास्त, तोही तीन हजार आरपीएम वर. एकाच कॅमशाफ्टच्या हेडमधून (इंजिनाचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग), टर्बोशिवाय, तीन लाखांत हे होणार नाही. कुणी छातीठोकपणे करून देतो म्हणाला, तर त्याच्याकडून डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद मागा.

आता 110 धरा, 7000 आरपीएमला. टॉर्क लागेल 112. म्हणजे इंजिनाचा मूळचा टॉर्क वरपर्यंत टिकवायचा, एवढंच. हे जमतं. हेडचं नीट काम, बेताचा कॅम, चांगला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि मन लावून केलेलं ट्यूनिंग, यात ते बसतं. आणि करीचा ट्रॅक फक्त 2.1 किलोमीटरचा आहे. तिथे लांब सरळ पट्टा नाही, वळणातून बाहेर पडताना 4000 च्या पुढे गाडी किती ओढते यावर लॅप ठरतो. फार मोठ्या ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम घातला तर खालचा टॉर्क जातो आणि प्रत्येक वळणाला गाडी बसते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: 105 ते 110 चं उद्दिष्ट ठेवा.

हे ठरलं की अर्धी खरेदी आपोआप गळते. फोर्ज्ड पिस्टन लागत नाहीत. टर्बो नसलेल्या, सात हजारावर थांबणाऱ्या या इंजिनाला कंपनीचे ओव्हरसाईज पिस्टन पुरतात, फक्त ट्यूनिंग बरोबर हवं. फोर्ज्डच्या परदेशी सेटवर कस्टम आणि जीएसटी धरून किंमत कुठल्या कुठे जाते, आणि तेच पैसे इतरत्र जास्त कामाला येतात. बोर वाढवून ताकद येते हाही एक लोकप्रिय समज आहे. 74 चं 74.5 केलं तर सगळं मिळून साडेसतरा सीसी वाढतात, दीड टक्काही नाही. रिबोअर (सिलिंडर कापून मोठा करणं) करायचा तो सिलिंडर झिजला असेल तर, ताकदीसाठी नाही.

टर्बोबद्दल थोडक्यात. तीन लाखांत टर्बो बसतो, पण टिकत नाही. टर्बो, मॅनिफोल्ड, इंटरकूलर, ऑईलच्या लाईनी, मोठे इंजेक्टर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), क्लच, एवढं घेताना पैसे संपतात आणि ट्यूनिंग व कूलिंग राहून जातं. पाच-सहा लाख असते तर मी वेगळं बोललो असतो.

आता माझ्या एस्टीमचं. मी उत्साहात आधी कॅम मागवला, मग व्हॉल्व्ह स्प्रिंग, मग स्टीलचा मॅनिफोल्ड. हेड फेसिंग करून, म्हणजे हेडचा तळ घासून, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवलं. इंजिन बसलं, आवाज असा की उद्यमनगरातली पोरं काम टाकून बघायला आली. तोवर खिशात काही उरलं नव्हतं. ईसीयू मूळचाच ठेवला, वाइडबँड सेन्सर (एक्झॉस्टमधून हवा-इंधनाचं प्रमाण सांगणारा) लावला नाही, डायनोला नंतर जाऊ म्हटलं. आंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये, भर लोडवर खणखण आवाज येत होता, खडे डब्यात हलवल्यासारखा. मी तो मॅनिफोल्डचा समजलो. दोन आठवड्यांत सायलेन्सरमधून निळा धूर. खोललं तर तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची रिंग लँड (दोन रिंगांमधली कड) तुटलेली, तुकड्यांनी सिलिंडर खरवडलेला. नॉकिंग (इंधन वेळेआधी, स्फोटासारखं पेटणं) होतं ते, वाढलेलं कॉम्प्रेशन आणि जुन्याच इग्निशन टायमिंगमुळे. डायनोचे जेवढे पैसे मी वाचवले, त्याच्या तिप्पट दुसऱ्या बांधणीला गेले. ते इंजिन मी स्वतःच्या हाताने उभं केलं होतं, आणि त्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज होती तेच दिलं नाही. अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी बजेट शेवटाकडून मांडतो. तीन लाखांतले पंचेचाळीस हजार आधी बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका. इंजिन खोलल्यावर काहीतरी निघतंच: क्रँकवर ओरखडा, हेडला चीर, वाकलेला रॉड. मग ऐंशी हजार ईसीयू, वाइडबँड आणि डायनोसाठी. हा आकडा ऐकून लोक दचकतात, पण इंजिन जगणार की मरणार हे इथेच ठरतं. चाळीस हजार ब्रेक आणि टायरला. ताशी 100 ऐवजी 120 वरून थांबायचं तर ब्रेकला 44 टक्के जास्त ऊर्जा पचवावी लागते. चांगले पॅड, ताजं डॉट 4 फ्लुइड आणि बरे टायर नसतील तर इंजिनाला हात लावण्यात अर्थ नाही.

उरले एक लाख पस्तीस हजार. त्यातले पस्तीस हजार अशा गोष्टींना, ज्या कुणी फोटो काढून दाखवत नाही: बेअरिंग शेल, रिंगा, गॅस्केट सेट, ऑईल पंप, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, नवे हेड बोल्ट. पंचवीस हजार मशीनकामाला. पंधरा हजार क्लचला. राहिलेल्या साठातून कॅम, स्प्रिंग आणि मॅनिफोल्ड, आणि रनिंग-इनसाठी दोन वेळचं ऑईल. बघा, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंत ते पार्ट एकूण पैशांचा पाचवा हिस्सासुद्धा नाहीत. दर गावागणिक आणि दुकानागणिक बदलतील, पण हे प्रमाण फारसं बिघडू देऊ नका.

मशीनकामावर जरा थांबतो, कारण माझं मन तिथे रमतं आणि नवीन माणूस तिथेच घाई करतो. आमच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्र्या आणि लेथची परंपरा जुनी आहे. मी ज्यांच्याकडे बोरिंग करतो ते मिस्त्री ब्लॉक हातात घेतात आणि पहिलं वाक्य म्हणतात, “पिस्टन आण आधी, मग बोर.” यात खूप काही आलं. चार पिस्टन एका डब्यातून आले तरी मायक्रोमीटरवर सारखे भरत नाहीत. प्रत्येक सिलिंडर त्याच्या पिस्टनच्या मापाने होन करायचा, म्हणजे दगडाने बारीक घासायचा, असतो. आधी बोर करून नंतर पिस्टन शोधत बसलात तर क्लिअरन्स नशिबावर. बोर गेजने वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी माप घ्यायला लावा, म्हणजे निमुळतेपणा आणि अंडाकृतीपणा दोन्ही कळतात. वरच्या रिंगेचा गॅप प्रत्येक इंच बोरला चार थाऊ (इंचाचे चार हजारांश) या हिशेबाने तुमच्या बोरला 0.30 मिलिमीटरच्या आसपास येतो. रिंग सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजने स्वतः बघा, दुसऱ्यावर सोडू नका. पिस्टन आणि रॉड काट्यावर ठेवून एकेका ग्रॅमपर्यंत जुळवा. सहा हजाराऐवजी सात हजार फिरवलं की रॉडवरचा ताण सातवर सहाच्या वर्गाने, म्हणजे 36 टक्क्यांनी वाढतो.

हेडचं कॉम्प्रेशन अंदाजाने वाढवू नका. एका सिलिंडरचं आकारमान 324.7 सीसी आहे. कॉम्प्रेशन 9.5 असेल तर वरची एकूण जागा 38.2 सीसी हवी, 10.5 ला 34.2. म्हणजे खेळ सगळा चार सीसीचा. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा ग्रीसने हेडवर चिकटवा, भोकातून ब्युरेटने रॉकेल सोडा आणि चारही चेंबर मोजा. रात्रभर चालणारं, कंटाळवाणं काम आहे, पण पहिल्यांदा चारी आकडे जुळतात तेव्हा जो आनंद होतो तो वेगळाच. आणि लक्षात ठेवा, हेड घासलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो आणि कॅम टायमिंग थोडं मागे पडतं, तेव्हा अ‍ॅडजस्टेबल पुलीचा विचार त्याच वेळी करा. मोठ्या लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त खोल उघडणारा) कॅम घातला तर पिस्टनवर मऊ चिकणमाती लावून, हाताने क्रँक दोन फेरे फिरवून, व्हॉल्व्हचा ठसा किती खोल येतो ते मोजा. इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला 2.5 मिलिमीटर मोकळी जागा ठेवतो मी. स्प्रिंगचे वेढे पूर्ण लिफ्टला एकमेकांना टेकत नाहीत ना, हेही तेव्हाच.

इंधनाचं एक सांगायला हवं. पंपावर आता ई20 येतं. ऑक्टेन बरा मिळतो, त्यामुळे 10.5 कॉम्प्रेशनची मला भीती वाटत नाही. पण इथेनॉलमुळे हवा-पेट्रोलचं आदर्श प्रमाण 14.7 ऐवजी साडेतेराच्या आसपास येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला आठेक टक्के जास्त इंधन. 110 बीएचपीसाठी साध्या पेट्रोलवर प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला साधारण 175 सीसी लागतील, ई20 वर 190. तुमचे इंजेक्टर आधी बेंचवर तपासून घ्या. पुरत असतील तर पैसे वाचले. 2008 च्या गाडीचे इंधनाचे रबरी पाईप आणि ओ-रिंगा मात्र सरसकट बदला, इथेनॉल त्या फुगवतं. ट्यूनरला सांगा की वाइडबँडवर आकडा लॅम्डामध्ये (कुठल्याही इंधनाचं आदर्श प्रमाण म्हणजे 1) वाचायचा. जुन्या सवयीने 14.7 चं गणित धरलं तर घोटाळा होतो.

करीच्या लांबट वळणांत सम्पमधलं, म्हणजे इंजिनाखालच्या टाकीतलं, ऑईल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. सम्पमध्ये आडव्या पट्ट्या, म्हणजे बॅफल, वेल्ड करून घ्या. कोणत्याही पत्राकामवाल्याकडे होतं, आणि बेअरिंगचा जीव वाचतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढेल. म्हणून ही गाडी ट्रॅकचीच ठेवा आणि फ्लॅटबेडवर न्या. त्याचं भाडं वरच्या तीन लाखांत धरलेलं नाही, ते वेगळं ठेवा. घरच्यांना घेऊन फिरायची ही एकच गाडी असेल, तर इंजिनाला हात लावू नका. ब्रेक, टायर, सस्पेन्शन चांगलं करा आणि मूळ 87 बीएचपीवर ट्रॅक डेला जा. करीवर तीही गाडी भरपूर शिकवते.

आता लगेच करण्यासारखं काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन टेस्ट घ्या. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा आकडा उचलला तर रिंगा गेल्या, नाही उचलला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. ते आठ आकडे आणि गाडी किती किलोमीटर चालली आहे एवढं मला कळवा. रिबोअर लागणार की नुसतं हेडचं काम पुरेल, हे त्यावरून सांगता येईल. तोवर कुणालाही अ‍ॅडव्हान्स देऊ नका.