खुर्ची गेली की गाव सोड

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. तू सॅटेलाइट, म्हणजे कमी पैशांची पात्रता स्पर्धा, जिंकलास, लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधल्या मेन इव्हेंटची, म्हणजे मुख्य स्पर्धेची, दहा हजार डॉलरची प्रवेश फी त्यातून सुटली, ऑफिसात चार दिवसांची रजाही मंजूर झाली. हे ऐकून मला किती आनंद झाला ते तुला आवाजावरून कळलंच असेल. तासभर आपण पानांबद्दल बोललो. आणि अगदी शेवटी तू विचारलंस, "काका, पहिल्याच दिवशी बाद झालो तर उरलेले दिवस तिथे काय करू?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. तुझ्या त्या दिवशीच्या सगळ्या प्रश्नांत खात्रीने उत्तर देता येईल असा तेवढाच एक प्रश्न होता, आणि तोच मी टाळला. म्हणून हे पत्र.

काही करायचं नाही. घरी यायचं. खुर्ची गेली की गाव सोडायचं.

मी २०१४ साली मेन इव्हेंट खेळलो हे मंडळातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या रात्री बाद झालो, एवढंच मी आजवर सांगत आलोय. पुढचे चार दिवस मी कुणाला सांगितलेले नाहीत.

५ जुलै, शनिवार. तेव्हा स्पर्धा वेगासच्या रिओ हॉटेलात व्हायची. हॉर्सशू आणि पॅरिस या हॉटेलांत ती २०२२ साली गेली. त्या वर्षी ६,६८३ जण बसले होते आणि पहिलं बक्षीस एक कोटी डॉलर होतं. प्रत्येकाला ३०,००० चिप्स मिळायच्या, तुला त्याच्या दुप्पट मिळतील. जेवणाच्या सुट्टीनंतर तासाभरात माझ्या हातात राण्यांची जोडी आली. टेबलावर सगळ्यांची सामाईक पानं नव्वी, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. समोरचा गृहस्थ दोन तास जवळजवळ प्रत्येक हात रेटत होता. त्याने बोली वाढवली, मी सगळ्या चिप्स पुढे सारल्या. त्याच्याकडे सत्त्यांची जोडी होती, म्हणजे टेबलावरची धरून तीन सत्त्या.

तो हात मी नंतर शेकडो वेळा मांडून पाहिलाय. तो ज्या तऱ्हेने खेळत होता त्यात दश्श्यांची जोडी बसत होती, गुलामांची बसत होती, एक्का-नव्वी बसत होती, आणि या सगळ्यांच्या पुढे मी होतो. मी बरोबर खेळलो. कुठल्या पानांवर काय खेळावं ते गणिताने काढून देणारा तुझा तो संगणकी सॉल्व्हर काहीही म्हणो, त्याने त्या माणसाला दोन तास पाहिलेलं नव्हतं.

खेळाडू बाद झाला की डीलर हात वर करून मोठ्याने ओरडतो, "सीट ओपन!" ते दोन शब्द तू आजवर दुसऱ्यांच्या बाबतीत ऐकले असशील. स्वतःच्या बाबतीत ऐकलेस की कळेल. तू अजून स्वेटर उचलत असतोस आणि तुझ्या खुर्चीवर बसायला दुसऱ्या टेबलावरचा माणूस चिप्सचा ट्रे घेऊन येतही असतो.

माझं परतीचं विमान रविवारी दुपारी होतं. मी खोलीवर जाऊन तिकीट पुढे ढकललं. मला वाटलं, खेळ तर हातात बसलाय, एका पानाने दगा दिला, एवढं आलोच आहे तर दोन छोट्या स्पर्धा खेळून जावं. रविवारी एक खेळलो. सोमवारी दोन-पाच डॉलरच्या सक्तीच्या बोलीच्या कॅश टेबलावर, जिथे थेट पैशांनी खेळतात, बसलो आणि संध्याकाळपर्यंत २,२०० डॉलर पुढे होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुला वाटेल की काका डोकं फिरून खेळत होते. तसं नव्हतं. मी नीट खेळत होतो. नीट खेळत होतो म्हणूनच उठलो नाही. तिकीट पुन्हा ढकललं. बुधवारी पहाटे हिशेब केला तेव्हा प्रवेश फीशिवाय ६,४०० डॉलर गेले होते.

पैशांचं मी नंतर भरून काढलं. त्या वर्षी आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती आणि तिचं भारतात परतायचं विमान त्याच बुधवारी, ९ तारखेला होतं. आषाढी होती त्या दिवशी. सोमवार आणि मंगळवार मी तिच्याबरोबर घालवणार असं ठरलं होतं. तिला इथे लॉस एंजेलिसजवळ रेडोंडोच्या धक्क्यावर समुद्र पाहायला न्यायचं होतं, तिच्या बहिणींसाठी खरेदी राहिली होती. मी थेट विमानतळावर पोचलो. तोवर तुझ्या काकूने बॅगा आत पाठवल्या होत्या.

वाईला आमच्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत दिवसभर मेंढीकोट चालायचा. दिवेलागण झाली की आई येऊन पत्ते उचलायची. डाव अर्धा असो, समोरच्यांवर कोट चढत असो, चारही दश्श्या आमच्याकडे असोत, ती ऐकायची नाही. आम्ही किती चिडायचो! त्या दिवशी विमानतळावर ती एवढंच म्हणाली, "लहानपणी मी पानं उचलायचे म्हणून तू उठायचास." रागाने म्हणाली नाही. नंतर तिला प्रवास झेपेना, ती परत इकडे आली नाही.

म्हणून सांगतो, खुर्ची गेली की गाव सोड. तिथे दिवेलागण होत नाही. कॅसिनोच्या त्या भागात खिडक्याही नसतात.

तू मनीमेकरचं उदाहरण देतोस. सगळेच देतात. टेनेसीचा अकाउंटंट, ८६ डॉलरची ऑनलाइन सॅटेलाइट खेळून २००३ साली मेन इव्हेंटला आला आणि २५ लाख डॉलर जिंकून गेला. खरं आहे, आणि तुझ्या-माझ्यासारखे नोकरी करणारे लोक त्याच्यामुळेच तिकडे वळले. पण त्या वर्षी ८३९ जण बसले होते. उरलेल्या ८३८ जणांसाठी कधी ना कधी "सीट ओपन" ओरडलं गेलं. त्या रात्री ते कुठे गेले, हे मला कुणी सांगितलं असतं तर माझ्या जास्त उपयोगी पडलं असतं. २०२४ साली १०,११२ जण बसले आणि १,५१७ जणांना पैसे मिळाले. शंभरातले पंच्याऐंशी जण काही न मिळवता उठले, आणि त्यांत उत्तम खेळणारे कितीतरी होते. तू मला कुठल्या जागेवरून कुठली पानं खेळायची याचे चाळीस तक्ते पाठवलेस. मी सगळे पाहिले, कष्ट घेतलेस, चांगले आहेत. पण शंभरात पंच्याऐंशी वेळा जे होणार, त्याच्यासाठी तुझ्याकडे एक ओळ नाही! याचा मला खरंच राग आला.

तू म्हणशील, मी शिस्तीचा आहे. आहेस, मला माहीत आहे. पण ती शिस्त टेबलावरची आहे. दिवसाला पाच लेव्हल्स, म्हणजे खेळाचे टप्पे, प्रत्येक दोन तासांचा. कधी बसायचं, कधी उठायचं, जेवायला किती मिनिटं, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. पान आलं की खेळ नाहीतर टाक, एवढाच प्रश्न तुझ्यापुढे असतो. बाद झालास की तुला विचारणारं कुणी उरत नाही, आणि डोकं मात्र अजून निर्णय घ्यायच्या तारेत असतं. मेन इव्हेंटचा एक नियम मला फार आवडतो: एकदा बाद म्हणजे बाद, खिशात कितीही पैसे असले तरी पुन्हा बसता येत नाही. इतर बऱ्याच स्पर्धांत पुन्हा पैसे भरून बसू देतात. त्या रांगा हॉलच्या बाहेर, तुझ्या वाटेतच असतात. तिथून विमानतळ टॅक्सीने फार लांब नाही. टॅक्सीच्या रांगेत उभा राहा.

गाडी घेऊन जायचं डोक्यातून काढ. इथून वेगास बार्स्टो गावावरून २७० मैल, तुला काही वाटणार नाही, पण आपली गाडी खाली उभी असली की केव्हाही निघता येतं आणि म्हणून निघणं होत नाही. शिवाय हरलेल्या माणसाने रात्री वाळवंटातून गाडी हाकू नये. विमानाने जा, तासाभराचा प्रवास आहे. परतीचं तिकीट रविवारचं काढलंयस ते बदल. ज्या दिवशी खेळणार त्याच रात्रीच्या शेवटच्या विमानाचं काढ, पुढे ढकलता येईल असं. ढकलायचं एकाच कारणासाठी: त्या रात्री तुझ्याकडे चिप्स असतील तर. मध्यरात्रीनंतर बाद झालास तर खोलीवर झोप आणि सकाळच्या पहिल्या विमानाने ये. न्याहारीसुद्धा इकडे.

चिप्स उरल्या, तरीही हेच. पहिला दिवस टिकलास की चिप्स मोजून प्लास्टिकच्या पिशवीत भरतात, वर तुझं नाव आणि आकडा लिहितात, पिशवी सीलबंद करतात. तू सुरुवातीच्या गटात खेळलास तर दुसऱ्या दिवसाचा खेळ सुरू व्हायला मधे दोन-तीन दिवस जातात. त्या दिवसांत तुला तिथे खुर्ची नाही. म्हणजे तुझं तिथे कामही नाही. घरी ये, ऑफिसला जा, डाळ-भात खा, झोप, आणि परत जा. तुला हा खुळेपणा वाटेल. वाटू दे.

बाकीचं तुला येतं. हॉलमध्ये थंडी फार असते, बाहेर जुलैतलं ऊन, तेव्हा स्वेटर हवाच. ६०,००० चिप्स आणि सक्तीच्या बोलीची सुरुवात १००-२०० ने, म्हणजे घाई करायचं काही कारण नाही. मोठी रक्कम जिंकलास तर कराचा फॉर्म देतील, तो जपून ठेव. आणि हो, २०२६पासून हरलेल्या रकमेच्या नव्वद टक्क्यांचीच वजावट मिळते, तीही जिंकलेल्या रकमेपुरतीच, तेव्हा "बाजूच्या टेबलावर गेले ते करात दाखवू" असलं काही मला सांगू नकोस.

तू चांगला खेळतोस. ते मी तुझ्या तोंडावर म्हणत नाही. मी त्या वर्षी जसा होतो त्याहून तू शांत आहेस. पण मीही शांतच होतो रे, त्या सोमवारी २,२०० पुढे असताना. तेव्हा कुणी येऊन माझी पानं उचलायला हवी होती.

बाद झालास तर त्या क्षणी मला फोन कर. कितीही वाजता उतरलास तरी मी टर्मिनलबाहेर गाडी घेऊन उभा असेन. घरी पोचायला तास लागतो, तेवढ्या वेळात तुझा शेवटचा हात मला सांग. कोण कुठे बसलं होतं, कुणाकडे किती चिप्स होत्या, तू काय विचार केलास, सगळं.

तुझा,
काका