विंडोज काढून लिनक्स मिंट टाकलं आणि लॅपटॉपची स्क्रीन अंधुक झाली, पॅनेल बदलावं लागेल का?

पॅनेल, म्हणजे स्क्रीनची काच आणि तिच्या मागचे दिवे असा पूर्ण भाग, बदलायला लॅपटॉप एवढ्यात देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी पॅनेल गेल्यासारखं वाटत नाही. विंडोज 10 काढून मिंट टाकलं, तोपर्यंत स्क्रीन ठीक होती, आणि नव्या सिस्टीममध्ये पहिल्यांदा लॉगिन केल्यापासून ती काळवंडली. एफएन धरून ब्राइटनेसचं बटण दाबलं की कोपऱ्यातली पट्टी सरकते, पण उजेड तसूभरही वाढत नाही. दुकानदार पॅनेल बदला म्हणतो. यातली पट्टीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, तिच्याकडे येतोच. त्याआधी फुकटात होणारी एक तपासणी करा.

लॅपटॉप रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करा. चार्जर लावा. चालू करताच एफ2, एफ10 किंवा डिलीट, तुमच्या मॉडेलला जे बटण लागत असेल ते दाबून बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या स्वतःच्या मूळ सेटिंगच्या पानावर, जा. तिथे मिंट अजून सुरूच झालेलं नसतं. त्या पानावर स्क्रीन पूर्वीसारखी लख्ख दिसली तर पॅनेल, वायर, मागचे दिवे सगळं शाबूत आहे आणि भानगड फक्त सॉफ्टवेअरची आहे. तिथेही तितकीच अंधुक असेल तर हार्डवेअरचा संशय घ्यायला जागा आहे. मग स्क्रीनचं झाकण हळूहळू पुढेमागे करून बघा. उजेड कमीजास्त झाला तर बिजागरीतून जाणारी केबल ढिली झालेली किंवा दबलेली असू शकते, आणि केबलचं काम पॅनेलच्या मानाने किरकोळ असतं. खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारल्यावरच अक्षरं दिसत असतील, तर चित्र उमटतंय पण मागचे दिवे बंद आहेत. दुकानदाराने यातलं काही केलं का, हे त्याला जरूर विचारा. इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह लावून बघा असंही कुणी सांगेल, पण त्यातही तेच मिंट आणि बहुधा तोच कर्नल (लिनक्सचा हार्डवेअर चालवणारा गाभा) असतो, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आता पट्टी. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, तो मागच्या एलईडींचा. त्या एलईडी किती जळाव्यात हे सांगायचे लॅपटॉपमध्ये तीन मार्ग असतात: बायोसमधला एसीपीआय (बायोसमार्फत हार्डवेअरला हुकूम द्यायची पद्धत), लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आणि थेट ग्राफिक्सचा ड्रायव्हर. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासून थेट ग्राफिक्सच्या मार्गाने जायचा प्रघात पडला. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये जुना एसीपीआयचा मार्ग नावापुरता शिल्लक राहिला, चालतो की नाही हे कुणी नीट बघितलंच नाही. लिनक्सने नेमका तो मार्ग धरला की तुमच्यासारखं होतं: आकडा बदलतो, पट्टी सरकते, दिव्यापर्यंत निरोप पोचत नाही. नवे कर्नल योग्य मार्ग बहुतेक वेळा आपणहून निवडतात, पण जुन्या मशीनवर अजूनही घोळ होतो.

हे डोळ्यांनी बघता येतं. फाइल मॅनेजरमध्ये मूळ फाइल सिस्टीम उघडा, त्यात 'सिस', त्यात 'क्लास', त्यात 'बॅकलाइट'. इथे जितके फोल्डर, तितके मार्ग. इंटेलचं ग्राफिक्स असेल तर इंटेल-बॅकलाइट नावाचा, एएमडी असेल तर एएमडीजीपीयू नावाने सुरू होणारा, आणि बायोसचा असेल तर एसीपीआय-व्हिडिओ नावाचा फोल्डर दिसेल. प्रत्येकात 'मॅक्स ब्राइटनेस' आणि 'ॲक्च्युअल ब्राइटनेस' अशा छोट्या फाइली असतात, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतात. कमाल आकडा सगळीकडे सारखा नसतो. बायोसच्या मार्गाचा अनेकदा 10 किंवा 15 असतो, इंटेलचा शेकड्यांत किंवा हजारांत. दोन फोल्डर असतील तर ब्राइटनेसचं बटण चार वेळा दाबा आणि दोन्हीकडची 'ॲक्च्युअल' फाइल बंद करून पुन्हा उघडा. एसीपीआयचा आकडा 3 वरून 7 झाला आणि इंटेलचा 937 पैकी 40 वरच ठाण मांडून बसला, असं दिसलं की चोर सापडला.

खात्रीसाठी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'ब्राइटनेससीटीएल' हे छोटं टूल घ्या. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, आधी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने चालवायचा शब्द), मग टूलचं नाव, मग वजा-डी, मग तो इंटेलचा किंवा एएमडीचा फोल्डर त्याच्या नावानेच, मग सेट आणि 80%. एंटर मारताच स्क्रीन उजळली तर पॅनेलचा विषय संपला.

आता हे कायमचं बसवायचं. पण आधी तात्पुरतं करून बघा, हा माझा आग्रह आहे. सुरू होताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा, ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येईल. मिंटच्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून एसीपीआय, अंडरस्कोर, बॅकलाइट, बरोबरचं चिन्ह आणि नेटिव्ह हे सगळं इंग्रजी लहान अक्षरांत सलग लिहा, मग एफ10. हा बदल त्या एका खेपेपुरताच असतो. काही बिघडलंच तर रीस्टार्ट केल्यावर सगळं जिथल्या तिथे, म्हणून घाबरायचं कारण नाही. नेटिव्हने जमलं नाही तर त्याच जागी व्हिडिओ, तेही नाही तर व्हेंडर. 2012 च्या आधीच्या मशीनवर या दोघांपैकी एखादाच चालतो, असं होऊ शकतं. जो शब्द चालेल त्याच्यासकट एसीपीआयपासूनचं ते सगळं इटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्टच्या आत असलेल्या ग्रब फाइलमध्ये, 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलेल्या अवतरणचिन्हांच्या आत घाला आणि टर्मिनलमध्ये सुडो लावून अपडेट-ग्रब चालवा. हे विसरलात तर फाइल बदलूनही काही होणार नाही.

एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर या सगळ्याच्या आधी ड्रायव्हर मॅनेजरमधून सुचवलेला ड्रायव्हर टाकून बघा. कित्येकदा तेवढ्यानेच सुटतं.

स्क्रीन उजळते पण दर वेळी सुरू केल्यावर पुन्हा अंधुक, असं झालं तर कारण निराळं. बंद होताना सिस्टीम शेवटचा ब्राइटनेस लिहून ठेवते आणि सुरू होताना तोच लावते. स्क्रीन पूर्ण उजळवून एकदा रीतसर शटडाउन करा. बटण दाबून धरून बंद केलंत तर नवा आकडा लिहिलाच जाणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. इंटरनेटवर जागोजागी एक्सरँडर या स्क्रीनची सेटिंग बदलणाऱ्या टूलने ब्राइटनेस दीडपट करायचा सल्ला दिलेला असतो. त्याने मागचा दिवा जरासुद्धा वाढत नाही, फक्त रंग ताणले जातात. पांढऱ्याजवळच्या सगळ्या छटा एकमेकींत मिसळतात, फोटोतले चेहरे भकास दिसतात आणि डोळ्यांना उलट जास्त त्रास होतो. आठ-आठ तास स्क्रीनसमोर बसणाऱ्याला हा सल्ला कुणी देऊ नये.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट थांबला. तेव्हापासून चांगले धडधाकट लॅपटॉप लिनक्सवर नेणारे पुष्कळ आहेत, आणि पहिल्याच दिवशी स्क्रीन अंधारली म्हणून कुणी पैसे घालवावेत किंवा मशीन भंगारात द्यावं याचं मला मनापासून वाईट वाटतं. विंडोज 11 वर गेलेल्यांनाही हा त्रास होतो, पण तिथली कारणं सोपी आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडाप्टर' दिसत असेल तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, तो लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. फक्त बॅटरीवर अंधुक होत असेल तर बॅटरी सेव्हर आणि मजकुरानुसार ब्राइटनेस बदलण्याचं सेटिंग बंद करून बघा.

एवढं करूनही उजेड आला नाही तर इथेच लिहा: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, बायोसच्या पानावर स्क्रीन कशी दिसली, आणि 'बॅकलाइट'मध्ये कोणकोणते फोल्डर आहेत. या तीन गोष्टी कळल्या की पुढचं नेमकं सांगता येईल.