ट्रिपची मर्यादा वाढवण्याआधी शाफ्ट खरोखर हलला का, ते पाहा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: स्लीव्ह बेअरिंगवर (तेलाच्या थरावर शाफ्ट पेलणाऱ्या नळीसारख्या बेअरिंगवर) चालणारा मोठा पंप, त्याला दोन पोलची मोटर आणि प्रत्येक बेअरिंगपाशी एक्स आणि वाय असे दोन प्रॉक्सिमिटी प्रोब (शाफ्टला न टेकता त्याचे अंतर मोजणारे सेन्सर) आहेत. महिन्याभरात पंप तीनदा ‘हाय व्हायब्रेशन’वर बंद पडला, तिन्ही वेळा ट्रेंडवर एकच टोकदार रेघ दिसली आणि पुन्हा सुरू केल्यावर पंप शांतपणे चालला. म्हणून ट्रिपची, म्हणजे पंप आपोआप बंद पाडणाऱ्या कंपनाची, मर्यादा वाढवावी, की एक सेकंदाचा विलंब दहा सेकंदांवर न्यावा, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते आज यातले काहीही करू नये. एक ते तीन सेकंदांचा विलंब सर्रास ठेवतात आणि त्याला हरकत नाही. पण बेअरिंगचा पांढरा धातू (आतले मऊ अस्तर) खरोखर पुसला जात असेल, तर दहा सेकंदांत शाफ्टलाही ओरखडे पडलेले असतील. आधी ठरवायचे ते एवढेच की त्या क्षणी शाफ्ट हलला होता, की फक्त सिग्नल हलला होता.

याचे उत्तर बरेचदा गॅप व्होल्टेजमध्ये, म्हणजे प्रोब आणि शाफ्टमधले अंतर दाखवणाऱ्या डीसी व्होल्टेजमध्ये, सापडते आणि नेमके तेच कोणी नोंदवून ठेवत नाही. नेहमीच्या 8 मिमी प्रोबची संवेदनशीलता 7.87 व्होल्ट प्रति मिलिमीटर असते आणि तो उणे 10 व्होल्टच्या आसपास, म्हणजे शाफ्टपासून साधारण सव्वा मिलिमीटरवर बसवलेला असतो. या डीसी व्होल्टेजवरून शाफ्ट बेअरिंगमध्ये सरासरी कुठे आहे ते कळते, तर त्यावर स्वार असलेल्या एसी भागावरून त्याचे कंपन कळते. प्रोब वरच्या बाजूला 45 अंशांवर असतील, तर पंप सुरू होताच शाफ्ट तेलाच्या थरावर उचलला जातो आणि उणे 10.2 चे उणे 9.9 झालेले दिसते. हा तीन दशांश व्होल्टचा फरक म्हणजे सुमारे 38 मायक्रॉन. आता थांबलेल्या, थंड पंपावर चारही प्रोबचे गॅप व्होल्टेज मोजा आणि बसवतानाच्या नोंदीशी ताडून पाहा. बेअरिंग झिजले असेल तर शाफ्ट खाली बसलेला असतो, अंतर वाढलेले असते आणि आकडा उणे 10.2 ऐवजी, समजा, उणे 11 येतो. आकडे जुन्या नोंदीशी जुळत असतील, तर तीन ट्रिपनंतरही बेअरिंगला धक्का लागलेला नाही आणि संशयाची सुई तारांकडे वळते.

तारांवर संशय घ्यायला कारणही आहे. 50 मायक्रॉन पीक-टू-पीक कंपनाचा सिग्नल जेमतेम 0.4 व्होल्टचा असतो. तेवढाच विजेचा गोंगाट तारेत शिरला, तर मॉनिटर तो निमूटपणे 50 मायक्रॉन म्हणून दाखवतो.

मी स्वतः अशाच एका ट्रिपमागे तीन आठवडे घालवले आहेत. बाजूची मोठी मोटर सुरू झाली की कधीकधी, दर वेळी नव्हे, एक्स चॅनेल उसळी मारत असे. प्रोब बदलला, ड्रायव्हर (प्रोबला वीज पुरवून त्याचा सिग्नल तयार करणारा डबा) बदलला, तरी फरक पडला नाही. शेवटी प्रोबची तार आणि एक्स्टेन्शन केबल जिथे जोडली होती, तो कनेक्टर कॉन्ड्युटच्या (तारांच्या धातूच्या नळीच्या) आत बोट घालून बाहेर ओढला. त्यावर गुंडाळलेली साधी चिकटपट्टी तेलाने सुटून बाजूला सरकली होती आणि कनेक्टरचा उघडा धातू कॉन्ड्युटला टेकत होता. तो धातू सिग्नलच्या कॉमनशी जोडलेला असतो, त्यामुळे मॉनिटरपाशी एक आणि मशिनपाशी दुसरे असे दोन अर्थ (जमिनीशी जोड) तयार झाले होते आणि त्या दोहोंमधला विभवांतर थेट सिग्नलमध्ये उतरत होता. तुमच्याकडेही ड्रायव्हरपाशी केबल सोडून कनेक्टर आणि अर्थ यांच्यामध्ये साध्या मल्टिमीटरने रोध मोजा. जोड उघडाच, म्हणजे मीटरवर रोध अनंत, दिसला पाहिजे. (मेगर, म्हणजे उच्च व्होल्टेजचा रोधमापक, लावण्याचा मोह आवरा, ड्रायव्हर हकनाक जाईल.) शिल्ड (केबलभोवतीचे धातूचे आवरण) फक्त मॉनिटरच्या टोकाला अर्थ केलेली आहे ना, तेही त्याच फेरीत पाहून घ्या. केबलची लांबी मात्र अनेकजण विसरतात: पाच मीटरच्या संचातला ड्रायव्हर नऊ मीटरच्या केबलवर लावला, तर आकडे येत राहतात, पण ते खोटे असतात.

ट्रेंडवर फार विसंबू नका. कंट्रोल सिस्टीम सेकंदाला एखादी नोंद घेते, त्यामुळे त्या टोकदार रेघेच्या पोटात काय होते ते तिथे दिसणारच नाही. मॉनिटरच्या बफर्ड आउटपुटला (प्रोबचा मूळ सिग्नल जसाच्या तसा देणाऱ्या जोडणीला) रेकॉर्डर लावून मूळ तरंगरूप साठवा आणि रेकॉर्डिंग किमान दहा सेकंदांचे घ्या. तुमची मोटर 2970 आरपीएमने, म्हणजे 49.5 हर्ट्झने फिरत असेल आणि पुरवठा 50 हर्ट्झचा असेल, तर दोन्हींत अर्ध्या हर्ट्झचाच फरक आहे. एका सेकंदाच्या नोंदीत ही दोन शिखरे एकमेकांत मिसळून जातात आणि विजेचा गोंगाट फिरत्या भागाच्या असंतुलनासारखा भासतो. ठरवून पंप बंद कराल तेव्हाही रेकॉर्डर चालू ठेवा. शाफ्टच्या कंपनाची वारंवारता वेगाबरोबर खाली सरकत जाते. तारेत घुसलेले 50 हर्ट्झ मात्र पंप थांबला तरी 50 वरच राहते.

एक्स आणि वाय दोन्ही ओलांडले तरच ट्रिप, अशी सुधारणा कोणीतरी सुचवेलच. ती चांगली आहे, पण दोन्ही केबल एकाच जंक्शन बॉक्समधून आणि पॉवर केबलच्या शेजारून जात असतील, तर गोंगाट दोघांनाही एकदमच गाठेल. शिवाय एक चॅनेल बिघडल्यावर उरलेल्या एकट्याने ट्रिप द्यायची की नाही, हे लॉजिक लिहिण्याआधी ठरवावे लागते. ट्रिप मॉनिटरच्या रिलेऐवजी 4-20 मिलिअँपिअरच्या सिग्नलवरून पीएलसीत (मशिन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकात) घेतली असेल, तर 3.6 मिलिअँपिअरखालचे मूल्य ‘बिघाड’ म्हणून वेगळे पकडा. नाहीतर तुटलेली तार पडद्यावर शून्य कंपन, म्हणजे उत्तम तब्येतीची मशिन, असे दिसेल.

ही तपासणी चालू पंपावर करणार असाल, तर बायपास (ट्रिप तात्पुरती बंद ठेवणे) लेखी परवानगीने, ठरावीक तासांपुरता आणि एका वेळी एकाच चॅनेलचा घ्या. थंड पंपावरचे चार गॅप व्होल्टेज, तिन्ही ट्रिपच्या वेळी एक्स आणि वाय दोन्ही उसळले की एकच, आणि त्याच मिनिटाला जवळची कोणती मोटर किंवा वेल्डिंग सुरू झाले होते, एवढे कळवलेत तर पुढे बेअरिंग उघडायचे की कॉन्ड्युट, ते सांगता येईल.