करारनामा आधी, रुजू नंतर

प्रश्न : मुलगा फिटर ट्रेडमधून आयटीआय झाला. रबाळे एमआयडीसीतला एक कारखाना त्याला ‘इंटर्न’ म्हणून महिना बारा हजारांवर बोलावतोय. दुसरीकडे अप्रेंटिसशिप मिळतेय, पण पैसे कमी. कुठे पाठवू? — एक पालक, भांडुप

अप्रेंटिसशिपला पाठवा, मात्र करारनामा पाहून.

अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, १९६१ च्या कायद्याखाली चालते. उमेदवार आणि कंपनी यांच्यात करार होतो, सरकारी पोर्टलवर त्याची नोंद होते आणि त्याला क्रमांक मिळतो. मुदत, ट्रेड, विद्यावेतन सगळं त्यात लिहिलेलं असतं. इंटर्नशिपला असा एक कायदा नाही. कंपनीच्या पत्रात जे लिहिलंय तेवढंच तुमच्या हातात राहतं.

आयटीआय झालेल्या मुलाला कारखान्यात ‘इंटर्न’ म्हणून घेऊन पूर्ण पाळी मशीनवर उभं करत असतील, तर ते कामगाराचं काम आहे. फक्त पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही. अप्रेंटिसलाही पीएफ-ईएसआय लागू नसतं, हे खरं. पण कामावर इजा झाली तर नुकसानभरपाईची जबाबदारी कायद्यानेच मालकावर टाकली आहे, आणि अप्रेंटिसशिप सल्लागार या सरकारी अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही.

पैशांचं म्हणाल तर २०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्यांचं किमान विद्यावेतन ७,००० रुपये धरलं होतं. ते किमान आहे, कंपनी जास्त देऊ शकते. जाहिरातीतला ताजा आकडा पाहा. खरा फायदा वर्षअखेरीला आहे: परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत लेव्हल-१ च्या (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. नोकरीची हमी मात्र कुणी देत नाही, तशी कुणी तोंडी दिली तर तिच्यावर विसंबू नका.

घोळ होतो तो तीन ठिकाणी. पहिला : मुलगा रुजू होतो, करार दोन महिन्यांनी होतो, आणि ते दोन महिने प्रमाणपत्रात धरले जात नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, ‘कॉन्ट्रॅक्ट नंबर कधी मिळेल?’ दुसरा : आधारवर ‘संतोष’ आणि दहावीच्या मार्कशीटवर ‘संतोषकुमार’. नाव जुळलं नाही की पोर्टलवरची नोंदणी अडते. तिसरा : बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर विद्यावेतनातला सरकारी वाटा (२५ टक्के, कमाल १,५०० रुपये) थेट खात्यात यायचा असतो, तो लटकतो. नाव जुळवणं आणि खातं जोडणं, ही दोन्ही कामं अर्ज करण्याआधी उरकून घ्या. कंपनी करार करायला टाळाटाळ करत असेल तर जवळच्या आयटीआयच्या आवारातल्या बीटीआरआय केंद्रात (अप्रेंटिसशिपचं काम पाहणारं सरकारी केंद्र) जाऊन विचारा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, हेही लक्षात असू द्या.

रबाळेपुरतंच पाहू नका. मध्य रेल्वेचे माटुंगा आणि परळ वर्कशॉप, पश्चिम रेल्वेचे लोअर परळ आणि महालक्ष्मी, माझगाव डॉक, नेव्हल डॉकयार्ड इथे जागा निघतात. रेल्वेत लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांची सरासरी काढून यादी लागते. वयाची अट साधारण १५ ते २४. माझगाव डॉकला ऑनलाइन परीक्षा असते, तिची तयारी वेगळी करावी लागते.

प्रश्न : बी.कॉम.ला चार क्रेडिटचं ऑन-जॉब ट्रेनिंग आहे. ढीगभर मेल टाकले, एकालाही उत्तर नाही. — विद्यार्थिनी, परळ

चार क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज सहा तास धरले तर वीस दिवस, चार तास धरले तर तीस. हा हिशेब मेलच्या विषयातच लिहा. ‘इंटर्नशिपसाठी अर्ज’ असा विषय असलेले मेल रोज येतात आणि कुणी उघडत नाही. त्याऐवजी लिहा : ‘१२० तास, १ जूनपासून, टॅली आणि एक्सेल येतं, कॉलेजचं पत्र सोबत’. वाचणाऱ्याला तिथेच कळतं की तुम्ही किती दिवस येणार आणि तुमचा काय उपयोग. मेल चार ओळींचा, बायोडेटा एक पानी पीडीएफ.

त्यासोबत एक छोटी एक्सेल फाइल जोडा : तीस काल्पनिक नोंदींचं कॅशबुक, त्याच महिन्याचं काल्पनिक बँक स्टेटमेंट आणि दोन्हींचं जुळवलेलं रिकन्सिलिएशन. वटायचा राहिलेला एक चेक आणि बँकेने कापलेला एक चार्ज त्यात मुद्दाम ठेवा. गुणपत्रिकेपेक्षा ही फाइल जास्त बोलते.

मोठ्या कंपन्यांच्या मागे लागू नका, त्यांची निवड बहुतेक कॉलेजांमार्फतच होते. फोर्ट, मस्जिद बंदर, दादर इथल्या छोट्या सीए आणि टॅक्स सल्लागारांच्या ऑफिसात जा. तिथे माणसं कमी आणि आयकर रिटर्नच्या हंगामात, जून-जुलैत, कामाचा ढीग असतो. मे महिन्यातच भेटा. सकाळी अकराच्या सुमारास जा, पण ११ आणि २० तारखेच्या आसपास नको. त्या जीएसटी रिटर्नच्या तारखा, तेव्हा कुणाला मान वर करायला फुरसत नसते. मेलला पाच दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा फोन करा, तोही एकदाच.

रुजू होण्याआधी कॉलेजकडून प्रमाणपत्राचा नमुना घ्या. ‘समाधानकारक काम केले’ एवढंच लिहिलेलं पत्र चालत नाही, त्यात तास लागतात. वहीत रोज तारीख, वेळ, काम लिहून सही घ्या. शेवटच्या दिवशी वीस सह्या एकदम मागितल्या तर त्या मिळतीलच असं नाही.

सीए करायचं असेल तर हे १२० तास त्यात धरले जात नाहीत. आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रशिक्षण, वेगळी, ती सीए इन्स्टिट्यूटकडे नोंदवून दोन वर्षांची असते.

प्रश्न : एक एजन्सी इंटर्नशिपसाठी पाच हजार डिपॉझिट आणि मूळ मार्कशीट मागते आहे. द्यावं का? — दिवा

नाही. दोन्ही नाही. मूळ कागद फक्त दाखवायचे, द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स. शिकाऊ उमेदवारीत तर पैसे तुम्हाला मिळायचे असतात.

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा यंदाच झाला. पंतप्रधान इंटर्नशिप योजना घेऊ की अप्रेंटिसशिप? — ठाणे

डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी अप्रेंटिसशिपचं वेगळं ‘नॅट्स’ पोर्टल आहे, आपल्या पश्चिम विभागाचं ऑफिस शीवला. २०१९ च्या नियमांत डिप्लोमाचं किमान विद्यावेतन ८,००० रुपये. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा वय २१ ते २४, मुदत बारा महिने, दरमहा ५,००० आणि एकदाच ६,००० रुपये असं स्वरूप होतं, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत. तंत्रशाखेच्या मुलाने आधी अप्रेंटिसशिप पाहावी असं आम्हाला वाटतं, आणि त्याला एक ठोस कारण आहे. सरकारी कंपन्यांच्या बहुतेक जाहिरातींत अट असते की डिप्लोमानंतर एक वर्ष किंवा जास्त प्रशिक्षण वा नोकरीचा अनुभव झालेला उमेदवार चालणार नाही. आधी वर्षभर इंटर्नशिप केलीत तर याच अटीवर अप्रेंटिसशिपचा अर्ज बाद होऊ शकतो. म्हणून अर्ज भरण्याआधी पात्रतेचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.