ध्रुवीय प्रकाशासाठी गाडीने निघताना

तुम्ही उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये तीन रात्री मुक्काम करून ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) पाहण्याचे ठरवले आहे, परंतु माझ्या मते एका जागी बसून राहू नये. त्या अक्षांशावर केपी निर्देशांक (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ ० ते ९ या मापात सांगणारा आकडा) १ किंवा २ असला तरी प्रकाश दिसू शकतो, त्यामुळे त्या आकड्यापेक्षा ढगांचा अंदाज पाहावा. आयुष्यभर ढगांची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला ते हटावेत अशी इच्छा करणे जरा विचित्रच वाटते! सह्याद्री ओलांडताना मोसमी वारे कोरडे होतात आणि आपण पर्जन्यछायेत राहतो. तसेच अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यांचे नॉर्वेच्या डोंगरांवर होते, म्हणून पलीकडे स्वीडनमधील अबिस्को येथे आकाश बऱ्याचदा निरभ्र असते. नॉर्वेतल्या नार्विक शहराहून ई-१० मार्गाने ते सुमारे ८० किलोमीटर आहे. भाड्याची गाडी सीमेपलीकडे नेण्याची परवानगी मात्र आधीच घ्यावी.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवावी लागते, आणि टायरांना खिळे असले तरी लातूर-नांदेड रस्त्यावरचा सराव बर्फावर कामाला येत नाही. प्रकाश दिसला म्हणून रस्त्यातच थांबू नये. वाहनतळ गाठून दिवे मालवावेत आणि डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यावी. फिका प्रकाश प्रथम करड्या ढगासारखाच भासतो, हिरवा रंग कॅमेऱ्यात आधी उमटतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची बॅटरी आतल्या खिशात ठेवावी.