आईचा स्कोअर १७ वरून १२ झाला, म्हणजे बरी होतेय ना?

प्रश्न: ताई, आईचं वय ६१, वर्षभरापासून डिप्रेशनचा इलाज सुरू आहे. जानेवारीत स्कोअर १७ होता, आता मे मध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे १२ आला. घरचे खूश होऊन राहिले, पण आई तर अजूनही दुपारी १२ पर्यंत झोपून असते, कोणाशी बोलत नाही. मीच जास्त विचार करून राहिली का? दोन्ही कागदांचे फोटो पाठवते.
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: नाही हो, तुम्हाला दिसतंय ते बरोबर आहे. फोटो पाठवले ते बरं केलं, कारण हे दोन वेगळेच कागद आहेत. जानेवारीचा पीएचक्यू-९, त्यात नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, पेशंटनेच टिक करायचं आणि बेरीज २७ पैकी. मे चा हॅमिल्टन स्केल, तो १९६० चा, डॉक्टर बोलून बोलून मार्क देतात, १७ मुद्दे, बेरीज ५२ पैकी. यांची वजाबाकी कशी करणार? टक्के काढूनही जमत नाही, कारण विचारलेलंच वेगळं आहे.

झोपेचंच बघा. हॅमिल्टनमध्ये झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटेच जाग येते असे तीन मुद्दे, मिळून ६ मार्क. म्हणजे आपल्याकडे मे मध्ये रात्री लाईट गेली, कूलर बंद पडला तरी आकडा वर जाऊ शकतो, आणि तुमची आई दुपारपर्यंत झोपून असते त्याला तिथे एकही मार्क नाही! पीएचक्यू-९ मध्ये झोपेचा एकच प्रश्न, पण त्यात कमी झोप आणि जास्त झोप दोन्ही येतात.

हा घोळ रिसर्चमध्येही आहे, आणि मला तो फार गंभीर वाटतो. आयको फ्रीड या संशोधकाने २०१७ मध्ये नेहमीच्या सात स्केल शेजारी ठेवून पाहिल्या, तर लक्षणं निघाली ५२ आणि त्यातली ४० टक्के फक्त एकाच स्केलमध्ये. मग एका अभ्यासात औषध या स्केलवर चाललं, दुसऱ्यात त्या स्केलवर नाही चाललं, तर पेशंटने काय समजायचं?

पुढच्या वेळी जानेवारीचा कागद सोबत न्या आणि डॉक्टरांना सांगा, हाच परत भरून घ्या. दुपारपर्यंतच्या झोपेचं तुम्ही स्वतः बोला, आई सांगेल याची वाट पाहू नका. आणि पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे, तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, रात्री-बेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर फुकट लागतो.