नालासोपारा ते अंधेरी, मधे उतरून

बाळा,

तुझी यादी पोचली. स्पिती, हंपी, मेघालय, मधेच कच्छ. सोळा ठिकाणं मोजली मी. खाली तुझीच टीप: पैसे बेताचे, सुट्टी रविवारची एकच, गर्दी नको, आणि 'काका, जुनं काहीतरी पाहायला मिळेल असा एखादा अनवट प्रदेश सुचवा.' यादीवर मी काट मारलेली नाही. घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. तोवर ज्या प्रदेशातून तू रोज सकाळी दोन बायकांच्या पर्सच्या मधे चेपून, डोळे मिटून जातेस, तो पाहून घे.

परभणीहून आलेल्या मुलीला नालासोपारा म्हणजे भाडं परवडणारी खोली आणि अंधेरी म्हणजे ऑफिस. मधली अकरा स्टेशनं म्हणजे चौथी सीट तरी मिळेल का याची काळजी. यात तुझा दोष नाही, इथे जन्मलेल्यांचंही तेच आहे. पण नायगाव सुटलं की गाडी खाडीच्या पुलावर येते ना, तो पूल संपला की साष्टी सुरू होते. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावांचं बेट. जुन्या हिशोबाने ही मुंबई नव्हेच. मुंबई शीवला संपायची; शीव या शब्दाचा अर्थच हद्द. म्हणून तर इंग्रजांनी जेरार्ड ऑन्जिअर गव्हर्नर असताना (१६६९ ते १६७७) तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला. तिथल्या खाडीच्या अलीकडे इंग्रज, पलीकडे साष्टीत पोर्तुगीज. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी मराठ्यांनी घेतली आणि १७७४ च्या अखेरीला इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून ती आपल्याकडे ओढली. एवढा इतिहास पाठ असला तरी सुरुवातीला पुरतो.

मी एकतीस वर्षं पाणी खात्यात काढली, त्यामुळे माझं पाहणं एका बाजूला कललेलं आहे, हे आधीच सांगतो. जुन्या जागी गेलो की 'कोणी बांधलं' हे मी नंतर विचारतो. आधी शोधतो, इथे राहणारा माणूस पाणी कुठून प्यायचा आणि इथवर कुठल्या वाटेनं यायचा. राजाचं नाव फलकावर मिळतं. पाणी मात्र आपल्यालाच हुडकावं लागतं, आणि ते हुडकताना सगळी जागा पायाखालून जाते.

सुरुवात घरापासून कर. स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा कर आणि सोपाऱ्याच्या स्तूपाकडे जा. जुनी माणसं त्याला बुरूड राजाचा कोट म्हणायची. पहिल्या खेपेला तू हिरमुसशील. विटांचा एक ढिगारा, झाडं, कुंपण. 'बस, एवढंच?' असं वाटलं तरी लगेच परत फिरू नकोस. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी हा ढिगारा उकरला तेव्हा आत दगडाची पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती आठ लहान कांस्यमूर्ती, करंडकाच्या आत एकात एक आणखी करंडक, सोन्याची फुलं, आणि सगळ्यांत आत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोन्यात जपलेलं खापर! हे सगळं आता एशियाटिक सोसायटीकडे, फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी सोपाऱ्यात सापडला, आणि नवव्याचा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात. मौर्यांच्या काळात इथे राजाज्ञा कोरून लावावीशी वाटली, कारण हे बंदर होतं. कल्याण, पैठण, नाशिककडचा माल या बाजूने समुद्राला लागायचा. खाडी गाळाने भरत गेली, बंदर आटलं आणि गाव राहिलं.

पुष्कळ जण आधी संग्रहालयात जातात, मग जागेवर. मी उलट सांगतो. आधी रिकामा ढिगारा पाहा, त्याच्याभोवती एक चक्कर मार, आणि मग पुढच्या कुठल्यातरी शनिवारी फोर्टात जाऊन त्यातलं काढलेलं पाहा. वस्तू आधी पाहिली की जागा फुकट जाते.

आता कन्हेरी. इथे एक रविवार पुरणार नाही, तीन ठेव. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या आत, सोमवारी बंद. शंभराच्या वर लेणी, आणि जवळजवळ हजार वर्षांची वस्ती. लोक तीन नंबरचा चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, बघतात, त्यातल्या उंच बुद्धमूर्तीसमोर फोटो काढतात आणि माकडांनी वेफर्सचं पाकीट पळवलं की खाली उतरतात. तू चैत्य पाहा, जरूर पाहा, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला आहे. पण मग डोकं खाली घालून चाल. बहुतेक लेण्यांच्या ओसरीच्या कडेला जमिनीत एक चौकोनी तोंड दिसेल, बादली जाईल एवढं. ते पाण्याचं टाकं. आत वाकून पाहा, तोंड लहान असलं तरी पोट मोठं असतं. आता मान वर कर. लेण्याच्या माथ्यावरच्या कातळात चार-पाच बोटं रुंदीची पन्हळ कोरलेली सापडेल. तिचा उतार इतका हलका की डोळ्यांना कळत नाही, बोट फिरवल्यावर कळतो.

नोकरीत असताना एकदा जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी अशा एका पन्हळीजवळ छत्री धरून पावणेदोन तास बसलो होतो. बायको म्हणाली, ऑफिसात पाणी कमी पडतं का? सुरुवातीला पाणी चहासारखं लाल आलं, काड्या-पानं घेऊन. मग पिवळसर. आणि अर्ध्या तासाने इतकं नितळ की खालचे छिन्नीचे घाव मोजता यावेत. डोंगराचा माथा म्हणजे पाणलोट, पन्हळ म्हणजे लाइन, टाकं म्हणजे साठा. आम्ही वेगळं काय करत होतो? याच डोंगरांच्या पायथ्याशी इंग्रजांनी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) तलाव बांधले, आणि मुंबई त्यांचं पाणी अजून पिते.

शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटलं आहे. कल्याणचा कोणी, सोपाऱ्याचा कोणी व्यापारी लेणं देतो आणि सोबत पोढी देतो. एका पोढीवरच्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णी या दुसऱ्या सातवाहन राजाच्या राणीचा उल्लेख आहे. ती कार्दमक या क्षत्रप कुळातली, महाक्षत्रपाची मुलगी. सातवाहन आणि क्षत्रप ही एकमेकांशी झुंजणारी घराणी. त्यांची सोयरीक झाली होती हे आपल्याला कळतं ते एका अमात्याने दान दिलेल्या पाण्याच्या टाक्यामुळे. मला तरी हे ताम्रपटापेक्षा भारी वाटतं, पण मी पडलो पाणीवाला.

आणखी वर, नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेली नावं आहेत. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची. आले, पाहिलं, तारीख घालून नावं कोरली. म्हणजे आपल्याआधीचे पर्यटकच! त्यांनी कोरलं म्हणून आपण कोरायचं नसतं, हे तुला सांगायला नको, पण तुझ्यासोबत येणाऱ्या मुलांना सांग. आणि हो, वरच्या लेण्यांकडे एकटी जाऊ नकोस, दुपारनंतर तर नाहीच. निसरडं असतं, वाट चुकते, आणि जंगल खरं आहे, त्यात बिबटेही खरेच आहेत.

बोरिवलीलाच पश्चिमेला मंडपेश्वर. तिथे जाशील तेव्हा पोटभर वेळ ठेव आणि तोंड बंद ठेव. शैव लेणं, आत नृत्य करणारा शिव. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्याचं चर्च केलं आणि वर इमारत चढवली, तिच्या भिंती अजून उभ्या आहेत. बाहेरच्या बाजूला दगडात एक मोठा क्रूस दिसेल. नीट पाहिलंस तर कळेल की तिथे आधी मूर्ती होती, ती तासून क्रूस केला आहे. आज आत पिंडीची पूजा चालते आणि समोरच्या मैदानात रविवारी एकाच वेळी चार-पाच क्रिकेटच्या मॅच चालू असतात, एकीचा फिल्डर दुसरीच्या पिचवर. तिथे उभं राहून कोणाचं चुकलं याचा निकाल लावणारे मी खूप पाहिले, तरुणपणी मीही लावायचो. निकाल लावला की पाहणं थांबतं. त्यापेक्षा थर मोज. कुठली छिन्नी कुठल्या छिन्नीवर चालली आहे, कुठे चुना आहे, कुठे नाही. मी दर खेपेला एक थर नव्याने मोजून येतो.

कोंडिविटे, म्हणजे आपली महाकाली लेणी, तुझ्या ऑफिसपासून इतकी जवळ आहे की दुपारच्या डब्याच्या वेळेत होईल. नऊ नंबर तेवढा चुकवू नकोस. आत स्तूपाभोवती झोपडीसारखी गोल खोली दगडातच कोरली आहे, तिला जाळीच्या खिडक्या. अशी रचना आपल्याकडे फार कमी. तिथला खडक मात्र भुसभुशीत, म्हणून नक्षी पुसट झाली. जोगेश्वरीला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं, कारण लेणं खाली आणि वस्ती डोक्यावर. सहाव्या शतकातलं एवढं मोठं शिवमंदिर, आणि छतातून ठिबकणारं पाणी. चप्पल बाहेर काढ, कॅमेरा पिशवीत ठेव. लोक तिथे देवीला येतात, आपण पाहुणे.

वसईचा किल्ला मी शेवटी ठेवला, कारण तिथे तुला प्री-वेडिंगवाले भेटतील आणि वैताग येईल. सकाळी सातला पोच, ते नवापर्यंत मेकअप करत असतात. १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेलेला हा मुलूख मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतला. इथल्या चर्चची एक घंटा आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर टांगलेली आहे. पण मी पाहायला सांगेन ती जमीन. मोडक्या चर्चमध्ये छप्पर गेलंय, आणि पायाखाली पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा आहेत, लेख कोरलेल्या. लोक त्यांच्यावरून चालत जातात.

इथे एक कबुली. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असताना अशाच एका शिळेवरची अक्षरं फोटोत यावीत म्हणून मी खडूची अख्खी कांडी त्यांत घासली. फोटो झकास आला. एक म्हातारे गृहस्थ मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, 'तुमच्या आजीच्या समाधीवर असं कराल का?' मग त्यांनी मला खिशातली बॅटरी दिली आणि ती जमिनीला टेकवून आडवी धरायला सांगितली. तिरपा उजेड पडला की प्रत्येक अक्षराला सावली येते. भर उन्हात सपाट दिसणारा दगड सकाळी-संध्याकाळी आपोआप वाचता येतो. तेव्हापासून खडू नाही, पाणी नाही, पावडर नाही. तुझ्याकडे मोबाईलचा टॉर्च आहेच. एका हाताने टॉर्च आडवा, दुसऱ्या हाताने वहीची सावली.

किल्ल्यातून परतताना गावातून चालत ये. एखाद्या ओट्यावर वाडवळ किंवा कुपारी, म्हणजे इथल्या जुन्या समाजांतली, आजी बसलेली असेल. तिला 'इथला इतिहास काय' असं विचारलंस तर ती म्हणेल, शाळेतल्या सरांना विचार. 'आजी, तुमच्या लहानपणी पाणी कुठलं?' असं विचार. मग ती तुला बावखलाची गोष्ट सांगेल. केळीच्या वाड्यांमधली गोड्या पाण्याची ही तळी. किती होती, कोणती बुजवली, कोणत्या बिल्डिंगखाली गेली. तेवढं वहीत लिही, तारीख घालून. माझ्या वह्यांत असं बरंच आहे.

येत्या रविवारी मेगाब्लॉक कुठे आहे ते आधी बघ. कन्हेरीचे चढ आता माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, पण सोपाऱ्याला येतो. साडेसातला पश्चिमेच्या तिकीट खिडकीजवळ थांब. यादी घेऊन येतो, तुझी तुला परत. पाण्याची बाटली तू आण, दोघांना पुरेल एवढी. काकू पोळी-भाजी देते आहे.

तुझा,
काका